प्रमाणपत्र भिंतीवर, हक्क मात्र संपलेला: पेटंट आणि ट्रेडमार्कच्या नूतनीकरणाचा हिशेब

अनेक दुकानांत गल्ल्याच्या मागे, गणपतीच्या तसबिरीशेजारी ट्रेडमार्कचं प्रमाणपत्र फ्रेम करून लावलेलं दिसतं. त्यावर दोन तारखा असतात. वर क्रमांकाशेजारची तारीख अर्जाची आणि खाली सही-शिक्क्यापाशी असलेली प्रमाणपत्र दिल्याची. बहुतेक मालक खालची तारीख लक्षात ठेवतात आणि तिथून दहा वर्षं मोजतात. खरं तर ‘वर दिलेल्या तारखेपासून दहा वर्षं’ असं त्याच कागदावर इंग्रजीत छापलेलं असतं. ते वाचलं जात नाही, आणि हिशेब दोन-तीन वर्षांनी चुकतो.

पेटंटचंही तसंच आहे. त्याची २० वर्षं अर्ज केल्याच्या दिवसापासून मोजतात. मंजुरीला पाच वर्षं लागली, तर प्रत्यक्ष हातात पंधराच उरतात. त्यामुळे दोन्ही बाबतींत पहिलं काम एकच: अर्जाची तारीख शोधून ती मोठ्या अक्षरात लिहून ठेवणं. पुढचं सगळं गणित तिथून सुरू होतं.

या दोन हक्कांची चाल मात्र एकमेकांच्या उलट आहे. ट्रेडमार्क दर दहा वर्षांनी नवा करत राहिलात, तर तो पिढ्यानपिढ्या चालतो आणि दर वेळचं शुल्क तेवढंच असतं. पेटंटचं शुल्क टप्प्याटप्प्याने चढत जातं आणि विसाव्या वर्षी कितीही पैसे दिले तरी ते संपतं. कायद्याला ट्रेडमार्क टिकायला हवा असतो, कारण त्यावरून गिऱ्हाईक माल ओळखतं. पेटंट मात्र शक्य तितक्या लवकर सगळ्यांसाठी खुलं व्हावं, असा हेतू असतो. हे ध्यानात असलं की पुढचे नियम विचित्र वाटत नाहीत.

ट्रेडमार्क: एका वर्षाची खिडकी

समजा, सांगलीच्या एका मसाला उत्पादकाने १४ ऑगस्ट २०१६ रोजी वर्ग ३० मध्ये (माल आणि सेवांच्या ठरलेल्या गटांपैकी एक) अर्ज केला आणि प्रमाणपत्र २०१९ मध्ये हाती पडलं. त्याची मुदत १४ ऑगस्ट २०२६ ला संपते. नूतनीकरणाचा अर्ज मुदत संपण्याआधी एक वर्षापासून करता येतो, म्हणजे १४ ऑगस्ट २०२५ पासून. अर्जाचा नमुना टीएम-आर. ऑनलाइन भरला तर प्रत्येक वर्गाला ९,००० रुपये, कागदी अर्ज दिला तर १०,०००.

इथे एक गोष्ट खटकते. नवा अर्ज करताना एकटी व्यक्ती, स्टार्टअप किंवा लघुउद्योग यांना निम्मं शुल्क लागतं: ९,००० ऐवजी ४,५००. नूतनीकरणात ती सवलत नाही. घरगुती लोणचं विकणाऱ्या बाईंना आणि शेअर बाजारात नोंदलेल्या कंपनीला रक्कम सारखीच. शिवाय वर्ग मोजून पैसे लागतात. मसाले आणि पापड वर्ग ३० मध्ये, लोणची वर्ग २९ मध्ये, आणि त्याच नावाने खानावळ चालवत असाल तर ती वर्ग ४३ मध्ये. तीन वर्ग म्हणजे २७,००० रुपये. त्यातला एखादा वर्ग तुम्ही वापरतच नसाल, तर तो गळू देण्यात काही गैर नाही.

तारीख चुकली तर लगेच आभाळ कोसळत नाही. मुदत संपल्यावर पहिल्या सहा महिन्यांत, म्हणजे आपल्या उदाहरणात १४ फेब्रुवारी २०२७ पर्यंत, प्रत्येक वर्गाला ४,५०० रुपये अधिभार देऊन नूतनीकरण होतं, एकूण १३,५००. त्यापुढचे सहा महिने, १४ ऑगस्ट २०२७ पर्यंत, ‘पुनर्स्थापना’ मागावी लागते. तिचे ९,००० आणि नूतनीकरणाचे ९,००० मिळून १८,०००. मुदत संपून एक वर्ष उलटलं की साध्या अर्जाचे दरवाजे बंद.

मग काय होतं? नाव नोंदवहीतून काढलं जातं. तरी कायद्याने थोडी उसंत ठेवली आहे: काढल्यानंतर आणखी एक वर्षभर, दुसऱ्या कुणी तसंच नाव मागितलं तर तुमचं चिन्ह अजून नोंदवहीत आहे असंच धरलं जातं. पण काढण्याआधीच्या दोन वर्षांत तुम्ही ते खरोखर वापरलंच नसेल, तर ही ढाल मिळत नाही. नोंदणी गेली म्हणजे नाव गेलं, असंही नाही. वर्षानुवर्षं वापरलेल्या नावासाठी ‘पासिंग ऑफ’चा, म्हणजे दुसऱ्याने आपला माल तुमचा म्हणून खपवल्याचा, दावा लावता येतो. पण तिथे बाजारातली पत, जाहिरातींची बिलं, विक्रीचे आकडे असं सगळं तुम्हाला सिद्ध करावं लागतं. नोंदणी असती तर प्रमाणपत्राची एक प्रत पुढे करून सुरुवात झाली असती. नोंदणी संपल्यावर पाकिटावर वर्तुळातला इंग्रजी आर छापणंही कायद्यात बसत नाही. ही गोष्ट लोक हमखास विसरतात, कारण पाकिटांचे रोल वर्षभराचे छापून ठेवलेले असतात.

आणखी एक आधार आहे, पण त्यावर विसंबू नका. मुदत संपण्याआधी रजिस्ट्रारने मालकाला नोटीस पाठवली पाहिजे, असं कायदा सांगतो. पूर्वी तिला ओ-३ म्हणत, २०१७ च्या नियमांत ती आरजी-३ झाली. सिप्ला कंपनीच्या प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाने २०१३ साली म्हटलं, की ही नोटीस न देता चिन्ह नोंदवहीतून काढता येत नाही. जुन्या, गळालेल्या नोंदणी यामुळे परत मिळू शकतात. पण त्यासाठी उच्च न्यायालयाची पायरी चढावी लागते, आणि तो खर्च ९,००० रुपयांत होत नाही. नोटीस येते ती नोंदवहीतल्या पत्त्यावर. पंधरा वर्षांपूर्वी सोडलेला भाड्याचा गाळा तिथे लिहिलेला असेल, तर ती तिथेच जाणार.

कधी कधी हरकतीचं प्रकरण इतकं रेंगाळतं की नोंदणी मिळेपर्यंत दहा वर्षं उलटून गेलेली असतात. अशा वेळी प्रत्यक्ष नोंदणी झाल्यापासून सहा महिन्यांत नूतनीकरणाचं शुल्क भरावं लागतं. इतक्या वर्षांनी प्रमाणपत्र आलं म्हणून पेढे वाटताना हे कुणाच्या लक्षात येत नाही.

पैसे भरण्याआधी पाकीट आणि प्रमाणपत्र शेजारी ठेवा

नूतनीकरण म्हणजे नुसतं शुल्क भरणं, ही समजूत महागात पडते. नूतनीकरण होतं ते नोंदवलेल्या चिन्हाचं. आज तुम्ही पाकिटावर काय छापता, याच्याशी त्याचा संबंध नाही. २००६ मध्ये लेबल नोंदवलं: लाल पार्श्वभूमी, डावीकडे मिरची, इंग्रजी अक्षरांत नाव. आता डिझायनरने सगळं बदललंय, मिरची गेली, नाव देवनागरीत आलं. जुनं चिन्ह नवं करून तुम्ही जे जपलं, ते बाजारात कुठेच नाही. नोंदवलेल्या चिन्हात किरकोळ फेरफार मागता येतो, पण त्याची मूळ ओळख बदलेल असा नाही. त्यामुळे नवं रूप वेगळ्या अर्जाने नोंदवावं आणि जुनंही निदान एका फेरीपुरतं जिवंत ठेवावं. पहिल्यापासून साध्या अक्षरांतलं नाव एकदा इंग्रजीत, एकदा देवनागरीत आणि लेबल वेगळं, असं नोंदवलं असेल तर हा प्रश्न फारसा येत नाही.

वापराचा मुद्दाही इथेच येतो. सलग पाच वर्षं आणि वर तीन महिने चिन्ह वापरलं नाही, तर ज्याला त्याची अडचण होते असा दुसरा कुणीही ते काढून टाकण्याची मागणी करू शकतो. नूतनीकरण केलंय हे त्यावर उत्तर नाही. म्हणून बिलं, पाकिटांचे नमुने, जाहिरातींची कात्रणं दरवर्षीची एकेक तरी तारखेसह जपून ठेवावीत.

तिसरी तपासणी मालकाच्या नावाची. अर्ज वडिलांच्या नावाने, धंदा आता दोन भावांच्या भागीदारीचा, आणि जीएसटी तिसऱ्याच प्रायव्हेट लिमिटेड कंपनीच्या नावावर, हे चित्र आपल्याकडे घरोघरी आहे. नोंदवहीत मालक तेच जुने राहतात. हस्तांतराचा लेख किंवा वारसाचे कागद तयार करून टीएम-पी नमुन्यात बदल नोंदवावा. हे काम मुदतीच्या शेवटच्या आठवड्यात होत नाही. म्हणूनच वर्षभराची खिडकी उघडते त्या दिवशी फाइल काढायची, शेवटच्या दिवशी नाही.

पेटंट: दरवर्षी विचारला जाणारा प्रश्न

पेटंटची पहिली दोन वर्षं नूतनीकरणाचं शुल्क नसतं. तिसऱ्या वर्षापासून सुरू होतं, आणि ज्या वर्षाचं शुल्क ते वर्ष सुरू होण्याआधी भरायचं असतं. ऑनलाइन दर असे: तिसरं ते सहावं वर्ष, दर वर्षाला ८०० रुपये, सातवं ते दहावं २,४००, अकरावं ते पंधरावं ४,८००, सोळावं ते विसावं ८,०००. हे एकटी व्यक्ती, स्टार्टअप, लघुउद्योग आणि शिक्षणसंस्था यांच्यासाठी. बाकीच्यांना प्रत्येक टप्प्यावर पाचपट: ४,०००, १२,०००, २४,००० आणि ४०,०००. पूर्ण २० वर्षं पेटंट ठेवलं, तर लहान मालकाचे एकूण ७६,८०० रुपये होतात आणि मोठ्या कंपनीचे ३,८४,०००. निदान चार वर्षांचं शुल्क एकदम ऑनलाइन भरलं तर १० टक्के सूट मिळते. मार्च २०२४ च्या नियमबदलात ही आली.

अर्ज मंजुरीच्या रांगेत असताना हे शुल्क भरावं लागत नाही. ते साचत जातं, आणि नेमक्या इथेच अनेक पेटंटधारक अडखळतात. उदाहरणार्थ, निफाडच्या एका कारखानदाराने कांदा निवडण्याच्या यंत्रासाठी १० जून २०२० ला अर्ज केला. पेटंट मंजूर होऊन ५ फेब्रुवारी २०२४ ला नोंदवहीत चढलं. तोवर तिसऱ्या वर्षाची (१० जून २०२२) आणि चौथ्या वर्षाची (१० जून २०२३) तारीख उलटून गेली होती. हे साचलेलं शुल्क नोंदवहीत चढल्यापासून तीन महिन्यांत, म्हणजे ५ मे २०२४ पर्यंत भरायचं. लहान उद्योग असेल तर १,६०० रुपये. ते भरून तो निश्चिंत होतो. पण पाचव्या वर्षाचं शुल्क १० जून २०२४ च्या आत भरायचंय! महिन्याभरात दुसरा हप्ता आला हे त्याच्या गावीही नसतं.

साचलेल्या शुल्काची तीन महिन्यांची मुदत नऊ महिन्यांपर्यंत ताणता येते, आणि नेहमीच्या वार्षिक शुल्कालाही सहा महिन्यांची वाढ मिळते. दोन्हींसाठी फॉर्म ४ आणि महिन्यामागे विलंब शुल्क: लहान मालकाला ४८० रुपये, इतरांना २,४००. म्हणजे ८०० रुपयांचं शुल्क सहा महिने लांबवलं, तर वरचा भुर्दंड २,८८० चा.

तारीख कुठून धरायची, यातही खाचाखोचा आहेत. आधी तात्पुरता अर्ज आणि वर्षभरात पूर्ण तपशील दिला असेल, तर वर्षं तात्पुरत्या अर्जापासून मोजतात. परदेशातून पीसीटीमार्गे (अनेक देशांसाठी एकच आंतरराष्ट्रीय अर्ज करू देणारा करार) भारतात आलेल्या अर्जाची तारीख म्हणजे आंतरराष्ट्रीय अर्जाची तारीख; भारतात कागद दाखल झाले ती नव्हे, आणि मूळ देशात सर्वांत आधी अर्ज केला तीही नव्हे. एका अर्जातून फोडून काढलेला दुसरा अर्ज असेल, तर त्याचीही वर्षं मूळ अर्जापासूनच धावतात, त्यामुळे मंजुरीच्या दिवशी त्यावर बरंच शुल्क साचलेलं असतं. याउलट मूळ शोधात केलेल्या सुधारणेसाठी ‘पुरवणी पेटंट’ घेतलं असेल, तर त्याला वेगळं नूतनीकरण शुल्क नाही. मुख्य पेटंट जिवंत आहे तोवर तेही जिवंत.

सवलतीच्या दराचं एक पथ्य आहे. लघुउद्योग म्हणून कमी शुल्क भरताना फॉर्म २८ आणि उद्यम नोंदणीसारखा पुरावा लागतो. पुढे ते पेटंट मोठ्या कंपनीला विकलं, तर फरकाची रक्कम भरावी लागते. विक्रीचा करार करतानाच तो फरक कोणी भरायचा हे लिहून घ्यावं.

पैसे भरताना क्रमांक दोनदा तपासा. अर्जाचा क्रमांक वेगळा, पेटंटचा वेगळा. एक आकडा इकडचा तिकडे झाला की पैसे दुसऱ्याच्याच पेटंटवर जमा होतात आणि तुमचं उघडं पडतं. पावती मिळाली म्हणजे काम झालं, असं धरू नका. काही दिवसांनी पेटंट कार्यालयाच्या संकेतस्थळावरच्या ई-रजिस्टरमध्ये वर्ष, रक्कम आणि पुढची तारीख चढली का ते पाहा आणि त्या पानाची प्रत ठेवा.

पेटंट गळालं तर

वाढीव मुदतही गेली, तर पेटंट मूळ देय तारखेपासूनच संपलेलं मानतात. त्या तारखेपासून १८ महिन्यांच्या आत फॉर्म १५ भरून ते परत मागता येतं. पहिले सहा महिने वाढीव मुदतीतच गेलेले असतात, म्हणून प्रत्यक्षात हाती सुमारे वर्षच उरतं. दोन गोष्टी पटवून द्याव्या लागतात: शुल्क राहिलं ते अनवधानाने, आणि कळल्यावर विनाकारण उशीर केला नाही. एजंटने कार्यालय बदललं, ईमेल भलत्याच पत्त्यावर गेला, हिशेब सांभाळणारी व्यक्ती वारली, अशा कारणांना प्रतिज्ञापत्र आणि कागद जोडावे लागतात. ‘तेव्हा यंत्र खपत नव्हतं म्हणून सोडलं, आता गिऱ्हाईक आलंय’ हे कारण चालत नाही. ते ठरवून सोडलेलं असतं.

अर्ज मान्य होण्यासारखा वाटला तर तो पेटंट कार्यालयाच्या जर्नलमध्ये प्रसिद्ध होतो आणि दोन महिने हरकतींसाठी ठेवतात. मधल्या काळाची किंमतही मोजावी लागते. पेटंट संपल्यापासून अर्ज प्रसिद्ध होईपर्यंत कुणी तुमचं यंत्र बनवलं, तर त्या काळासाठी त्याच्यावर दावा लावता येत नाही, आणि ज्याने त्या काळात सद्भावनेने उत्पादन सुरू केलं, त्याला संरक्षण मिळतं. पेटंट परत आलं तरी शेजारच्या औद्योगिक वसाहतीतला स्पर्धक कायमचा बसलेला असू शकतो.

आता उलट बाजू. प्रत्येक पेटंट विसाव्या वर्षापर्यंत ओढायलाच हवं असं नाही. सहावं संपून सातवं लागताना शुल्क तिप्पट होतं, आणि थांबून विचार करायची ती चांगली वेळ आहे. या शोधावर माल विकला जातोय का? कुणी परवाना मागितलाय का? स्पर्धक त्याला वळसा घालून वेगळ्या रीतीने काम करतोय का? तिन्ही उत्तरं निराश करणारी असतील तर सोडून द्यावं. महाविद्यालयांमध्ये पेटंटची संख्या रँकिंगच्या तक्त्यात मोजली जाते म्हणून अर्ज होतात, मंजुरीचा फलक लागतो, आणि पुढचं शुल्क कोणत्या खात्यातून भरायचं हे कुणीच ठरवलेलं नसतं. प्राध्यापक निवृत्त झाले की पेटंटही त्यांच्याबरोबर जातं. ठरवून सोडणं आणि असं गळणं यांत फरक आहे.

नूतनीकरण शुल्काखेरीज फॉर्म २७ आहे: पेटंट भारतात प्रत्यक्ष वापरलं जातंय का, याचं निवेदन. पूर्वी ते दरवर्षी होतं, २०२४ पासून तीन आर्थिक वर्षांतून एकदा झालं. तीन वर्षांचा तो टप्पा ३१ मार्चला संपला की ३० सप्टेंबरपर्यंत द्यायचं. मोजणी मंजुरीच्या पुढच्या आर्थिक वर्षापासून. २०२२-२३ मध्ये मंजूर झालेल्या पेटंटसाठी पहिलं निवेदन २०२३ ते २०२६ या तीन वर्षांचं, आणि त्याची तारीख ३० सप्टेंबर २०२६. ते न देणाऱ्याला एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो.

डिझाइनचं थोडक्यात: नोंदणी दहा वर्षांची, आणि ती संपण्याआधी अर्ज केला तर एकदाच पाच वर्षांची वाढ. गळालं तर एका वर्षात पुनर्स्थापना मागता येते. पैठणी किंवा कोल्हापुरी चप्पल यांसारख्या भौगोलिक मानांकनाची नोंदणीही दहा वर्षांची असते आणि नूतनीकरण ती ज्या संस्थेच्या नावावर आहे तिने करायचं असतं. पण विणकर किंवा कारागीर म्हणून ‘अधिकृत वापरकर्ता’ असाल तर तुमची स्वतःची नोंदणीही जपावी लागते. कॉपीराइटला नूतनीकरणच नाही.

परदेशातली नोंदणी आणि फसवी पत्रं

भारतात शुल्क भरलं म्हणून अमेरिकेतला हक्क टिकत नाही. अमेरिकेत पेटंटचं शुल्क दरवर्षी नसतं. मंजुरीच्या दिवसापासून साडेतीन, साडेसात आणि साडेअकरा वर्षांनी तीनदा भरतात. युरोपीय पेटंट कार्यालय अर्ज प्रलंबित असतानाच तिसऱ्या वर्षापासून शुल्क घेतं. न्यू जर्सीच्या दुकानांत मसाले पाठवणाऱ्याने तिथे ट्रेडमार्क नोंदवला असेल, तर पाचव्या आणि सहाव्या वर्षांच्या दरम्यान ‘आम्ही हे वापरतो’ असं प्रतिज्ञापत्र द्यावं लागतं. भारतात अशी पायरी नाही, म्हणून आपल्याकडचे निर्यातदार ती चुकवतात आणि दहा वर्षं होण्याआधीच नोंदणी जाते. एकाच अर्जातून अनेक देशांत ट्रेडमार्क मागता येणाऱ्या माद्रिद व्यवस्थेत भारत २०१३ मध्ये आला. तिच्यामार्गे घेतलेल्या आंतरराष्ट्रीय नोंदणीचं नूतनीकरण जिनिव्हाच्या वायपोकडे (जागतिक बौद्धिक संपदा संघटना) दर दहा वर्षांनी होतं. मात्र पहिली पाच वर्षं ती भारतातल्या मूळ अर्जावर किंवा नोंदणीवर टेकलेली असते. या काळात घरचं चिन्ह गळालं, तर बाहेरचीही पडतात.

नोंदवही सगळ्यांना खुली असते, त्यामुळे तुमचं नाव, पत्ता आणि तारीख भामट्यांनाही दिसते. मुदत जवळ आली की सरकारी वाटणारं पत्र येतं: मुद्रा, क्रमांक, चिन्हाचं चित्र, सगळं बरोबर. रक्कम मात्र दुप्पट-तिप्पट, आणि खातं कुठल्या तरी खाजगी संस्थेचं. ‘आंतरराष्ट्रीय नोंदवहीत प्रकाशनासाठी’ अशी भाषा असली की समजावं, त्या नोंदवहीला कायद्यात काही स्थान नाही. अशा मागण्यांबद्दल वायपो कित्येक वर्षं सावध करत आलं आहे. पत्र आलं की आधी सरकारी ई-रजिस्टरमध्ये आपला क्रमांक टाकून मुदतीची तारीख पाहावी, मग पत्रातल्या रकमेशी वर दिलेले दर ताडावेत. जुळलं नाही तर पत्र रद्दीत टाकावं.